सायखेड्यातला सर्व्हर

नाशिकहून सायखेड्याला निघालेल्या बसमध्ये पुढच्या सीटवर एक कॉलेजची मुलगी आणि तिचा मोठा भाऊ बोलत होते. मागे बसलेल्या रंगनाथरावांच्या कानावर सगळं पडत होतं.

"दादा, अप्पा गेले म्हणून त्यांचा कॉम्प्युटर भंगारात देऊ नको. मी त्यावर सर्व्हर टाकलाय."

"कसला?"

"कोड लिहायच्या एडिटरचा. मशीन घरी चालतं, मी हॉस्टेलवरून ब्राउझरमध्ये उघडते. पासवर्डही लावलाय."

"अप्पांच्या टायपिंग क्लासच्या फायली काढल्यास?"

"एकही नाही. नवं फोल्डर शेजारी केलं."

"पण तिकडे चालू कोण करतं?"

"आई. सकाळी दिवाबत्ती झाली की बटण दाबते."

"आणि बंद?"

"मी म्हटलं, मी हॉस्टेलवरूनच करत जाईन. तर म्हणाली, राहू दे, घरघर चालू असली की अप्पा आतल्या खोलीत बसल्यासारखे वाटतात."

भावाने खिडकीची काच ओढून घेतली. रंगनाथरावांनी तिकीट उगाच उलटसुलट केलं.

"पंखा खराब झालाय त्याचा, म्हणून घरघरतो. पुढच्या वेळी येताना नवा आणतो."

"नको दादा. नव्याचा आवाज येत नाही."

"मग तेल घालू?"

"थोडंसंच घाल."