पाहिलेला, पण जवळ नसलेला दस्त

जबाब
पोलीस स्टेशन मुकुटबन, जि. यवतमाळ
दि. ११ फेब्रुवारी २०१९

नाव : सौ. विमल नामदेव देठे (माहेरचे नाव विमल श्रावण बोढे)
वय : ५१ वर्षे
धंदा : शेती व घरकाम
राहणार : खापरी, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

मी समक्ष पोलीस स्टेशनला येऊन कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मनाने जबाब देते की, मी वरील पत्त्यावर पती व मुलासह राहते. माझे माहेर मुकुटबन येथील आहे. माझे वडील श्रावण बोढे हयात नाहीत. त्यांच्या पश्चात मुकुटबन शिवारातील शेतावर आम्हा तिघांची नावे वारस म्हणून लागली. मोठा भाऊ भगवानराव, मी, आणि धाकटी बहीण पंचफुला मारोती आसुटकर, राहणार राजूर. शेत भाऊच वाहतो. मी त्यातील कापूस, तूर, सोयाबीन यात कधी हिस्सा मागितला नाही. आजही मागत नाही.

घाटंजी येथे बस स्टँडसमोर निलोफर नावाच्या मुलीचे ऑनलाइन सेंटर आहे. दोन वर्षांपूर्वी मी तेथे आमच्या खापरीच्या शेताचे काम घेऊन गेले होते. तिने कॉम्प्युटरवर आमचा सातबारा उघडून दाखवला. मी विचारले, "मुकुटबनचाही दिसते का वं?" ती म्हणाली, "दिसते ना काकू. जिल्हा, तालुका, गाव टाकलं का झालं." तिने उघडला. वडिलांच्या जागी आम्हा तिघांची नावे होती. मधले नाव माझे होते.

निलोफर म्हणाली, "प्रिंट काढू? का मोबाइलवर सेव्ह करून देऊ?" मी नको म्हणाले. कागद घरी गेला असता तर माझे पती व मुलगा यांनी मुकुटबनच्या वाटणीचा विषय काढला असता. मला वाटणी नको होती. नाव आहे एवढे पाहायचे होते. निलोफर म्हणाली, हा सातबारा असाही नुसता पाहण्यासाठीच असतो, त्यावर सही नसते, कुठे चालत नाही. मी म्हणाले, मला कुठे चालवायचा नाही.

त्यानंतर घाटंजीच्या बाजाराला आले की मी सेंटरमध्ये जात असे. निलोफर गिऱ्हाइकातून वेळ काढून पान उघडत असे, मी पाहत असे, ती बंद करत असे. ही गोष्ट मी घरी सांगितली नव्हती. भावालाही माहीत नव्हती.

मागील महिन्यात मी नेहमीप्रमाणे गेले असता पान उघडल्यावर निलोफर थांबली. म्हणाली, "काकू, इथं फेरफार प्रलंबित दाखवून राह्यलं." तिने दुसरे पान उघडून मला वाचून दाखवले. त्यात विमल श्रावण बोढे व पंचफुला श्रावण बोढे यांनी राजीखुशीने भावाच्या लाभात हक्कसोडपत्र नोंदवून दिले असून कोणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावी, असे होते.

मी म्हणाले, "मी कवा सोडला हक्क? मी त रजिस्ट्री हापिसाची पायरी पाह्यली नाई."

निलोफर म्हणाली, नोंदणी खात्याच्या साइटवर फी भरली की मूळ दस्त पाहता येतो. मी पाहायचे म्हणाले. दस्त उघडला. शेवटच्या पानावर लिहून देणाऱ्यांचे फोटो व अंगठे होते. माझ्या नावासमोर एका बाईचा फोटो होता. डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला होता. तो फोटो माझा नाही. पंचफुलाच्या नावासमोरही त्याच बाईचा, म्हणजे माझी बहीण पंचफुला हिचाच, फोटो होता, तेथे पदर डोक्यावरून घेतलेला नव्हता. दोन्ही फोटोंत साडी वेगवेगळी होती. माझ्या नावासमोरच्या फोटोतील साडी मी ओळखली. ती मी पंचफुलाला दिवाळीत दिली होती.

निलोफर म्हणाली, "काकू, ह्या तुम्ही नाई ना? कोण आहे मंग?" मी तिला ओळख सांगितली नाही. ती म्हणाली, हे सेव्ह करून ठेवते, पुढे कामी येईल. मी तिला मनाई केली. तिच्या मशीनमध्ये किंवा माझ्या मोबाइलमध्ये तो चेहरा राहावा असे मला वाटले नाही. मी पुन्हा एकदा पाहिले आणि बंद करायला सांगितले. त्या दिवशी मी बाजार केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीने मुकुटबनला येऊन तलाठी कार्यालयात हरकतीचा अर्ज दिला. अर्जात मी हक्क सोडला नाही, एवढेच लिहिले. बहिणीचे नाव लिहिले नाही.

हरकत गेल्याचे कळल्यावर भाऊ भगवानराव आमच्या घरी खापरी येथे आला. त्या वेळी माझे पती नामदेव घरी होते. मी चहा ठेवला. भाऊ म्हणाला, "बोंडअळीनं दोन साल पऱ्हाटी खाल्ली. त्या वावरात आता आहे काय? इकून टाकतो म्हणलं त तीन नावांच्या वावराले गिऱ्हाईक नाई."

मी म्हणाले, "वावरात काहीच नाई, त माहं नाव काहून काढलं?"

तो म्हणाला, "विचारलं असतं त तू देल्ली असती का सही?"

मी म्हणाले, "विचारून पाह्यलं असतं. देल्ली असती कदाचित. आता नाई देत."

त्यावर तो म्हणाला, "तुह्याजवळ कागद आहे का एक तरी?" मी नाही म्हणाले. "मंग कायच्या भरवशावर बोलून राह्यली?" मी म्हणाले, "मी माह्या डोळ्यानं पाह्यलं." तो हसला. पाहिलेले कोणी मानत नाही, असे म्हणाला. उठताना दारात मला म्हणाला, "तुले पोलिसात जायचं असन त जाय. पयले पंचफुला आत जाईन, मंग मी. एवढं ध्यानात ठेव." चहा त्याने घेतला नाही.

तो गेल्यावर माझे पती मला म्हणाले, "एवढे दिवस पाह्यत होती अन् मले सांगितलं नाई." तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरते बोलतात.

भावाचे बोलणे मी काही दिवस मनात ठेवले. हरकत मागे घ्यावी असे एक वेळ वाटले होते. घेतली नाही. मागे घेतली असती तर बहिणीने काय केले हे आम्हा दोघींना आयुष्यभर माहीत असते आणि बोलता आले नसते.

काल दि. १० रोजी मी राजूर येथे बहिणीकडे गेले. तिचे पती खाणीत ड्युटीवर होते. तिने मला पाणी दिले व समोर बसली. मी काही विचारायच्या आधी ती म्हणाली, "ताई, तुले समजलं ना?"

मी म्हणाले, "मी फोटो पाह्यला."

ती म्हणाली, "मी खोटं नाई बोलत. मले माहीत होतं. दादानं सांगितलं, विमलचे गुडघे दुखते, तिले कायले तरास द्याचा, तूच दोघींच्या वाटचं उभी राह्य. मी म्हणलं ताईले इचारा. त दादा म्हणे, जास्त बोलली त माहेर तुटलं समज. माह्या सुरभीच्या लग्नात तुले पाय ठेवू देणार नाई." सुरभी ही भगवानरावची मुलगी आहे.

मी म्हणाले, "अन् माहं मनात नाई आलं?"

ती म्हणाली, "तुहं मनात आलं होतं. हापिसाच्या आतमधे साडी बदलतानी लय आलं होतं." ती बराच वेळ रडली. मी तिला गप्प राहा म्हणाले नाही.

मी तिला सांगितले की, मी पोलीस स्टेशनला जाणार आहे. तुझे नाव घ्यावे लागेल. नाव न घेता मला माझे नाव परत मिळणार नाही. तुला आधी कळावे म्हणून आले. ती म्हणाली, "माहेर तुटन." मी म्हणाले, "तुटू दे. तू माह्याकडे येत जाय." ती उठून आत गेली. मला वाटले ती आता बाहेर येणार नाही. थोड्या वेळाने पिशवी घेऊन आली व म्हणाली, "तू सांगशीन त आरोप होईन. मी सांगतो त कबूल होईन. मी येतो संग." तिचे पती घरी आल्यावर तिने त्यांना सर्व सांगितले. मी रात्री तेथेच राहिले. आज सकाळी आम्ही दोघी एकाच बसने येथे आलो. ती या वेळी माझ्या शेजारी बसली आहे. तिचा जबाब स्वतंत्र घ्यावा.

आपण मला दस्ताची प्रत मागितली. प्रत माझ्याजवळ नाही, कधीच नव्हती. मी सेव्ह करून ठेवली नाही ती चूक झाली, असे मला वाटत नाही. तो दस्त सरकारच्या घरी आहे. मी सांगितल्यावर हवालदार साहेबांनी ठाण्यातील कॉम्प्युटरवर साइट उघडली. नेट हळू असल्याने वेळ लागला. दस्त उघडला व मी वर सांगितलेले दोन्ही फोटो त्यांनी स्वतः पाहिले. पंचफुलानेही पाहिले. आपण सांगितले की प्रमाणित प्रत आपण नोंदणी कार्यालयाकडून मागवून घ्याल. त्यास माझी हरकत नाही.

भाऊ चहा न घेता गेला, त्यानंतर त्याने मला फोन केलेला नाही. मीही केलेला नाही. घरातले मिटवून घ्या असे मला माहेरच्या गावातील दोघांनी सांगितले आहे. मी मिटवणार नाही. शेत वाटून द्या असे माझे म्हणणे नाही. माझ्या नावाने दुसऱ्या कोणाला उभे करून, मी जिवंत असताना माझा हक्क सोडला असे लिहून घेतले, याबद्दल माझी भगवानराव श्रावण बोढे यांच्याविरुद्ध कायदेशीर तक्रार आहे. बहिणीच्या बाबतीत कायद्याने जे व्हायचे ते होईल. ती स्वतःच्या पायाने आली, हे मात्र जबाबात यावे.

हवालदार साहेबांनी हा जबाब आम्हा दोघींसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. वाचताना फोटोच्या मजकुरात त्यांनी 'सदर अनोळखी महिला' असे लिहिलेले आढळले. बहिणीचे भले व्हावे म्हणून तसे ठेवता येईल, असे ते म्हणाले. त्यावर पंचफुला म्हणाली, "अनोळखी कायले? मी का ताईले अनोळखी आहो?" ते शब्द काढून टाकले व वर दिल्याप्रमाणे दुरुस्त केले. आता लिहिले आहे ते मी बोलले तसेच आहे. खाली माझी सही आहे, ती मीच केली आहे.

(सही)
विमल नामदेव देठे