पुसलेलं बटण

दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंनी जुना कॉम्प्युटर कीबोर्डसकट काउंटरवर ठेवला होता.

"काय होतंय याला, काकू?"

"सुरू केला की काळा पडदा येतो. इंग्रजीत काहीतरी पुटपुटतो आणि हटून बसतो. आमचे हे होते तोवर असं कधी झालं नाही हो. दोन महिन्यांपूर्वी हे गेले आणि यानं हाय खाल्ली."

"बघतो उघडून... आतला सेल संपलाय, काकू. त्याच्यावर हा तारीख लक्षात ठेवतो. ती विसरला की दर वेळी सुरू होताना अडतो आणि कुणीतरी एफ-वनचं बटण दाबेपर्यंत हलत नाही."

"दोन महिन्यांत संपला?"

"छे! गंजलाय बघा. पाच-सहा वर्षं तरी झाली असतील."

"शक्यच नाही. मी रोज सकाळी लिहायला बसायचे. आंघोळ करून येईपर्यंत माझं पान उघडलेलं असायचं."

"उघडायचं कोण?"

"हेच. म्हणायचे, तुझा कॉम्प्युटर शहाणा आहे, तुझ्याआधी उठून बसतो. दुरुस्तीचं नाव काढलं की म्हणायचे, कशाला, चाललाय की छान."

"हा कीबोर्ड बघा. सगळी अक्षरं शाबूत आहेत, एफ-वन तेवढं पुसून गेलंय... काकू, बसा जरा. पाणी देऊ? दोन मिनिटांत नवा सेल टाकतो, मग काही दाबावं लागणार नाही."

"थांबा. टाकायच्या आधी एकदा मला दाबू द्या."