म्हात्रेने फिल्टर कापला तेव्हा

आता गाडीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमची बावीस वर्षांची गाडी सकाळी सुरू करताना खडखडायला लागली. मुलाने निकाल दिला, "इंजिन गेलं. जुना माल, भंगारात द्या." माझ्याकडे बघत म्हणाला, म्हणून जरा दचकलो.

शेवटची आशा म्हणून कोलशेतच्या म्हात्रे मेकॅनिककडे गेलो. सगळं ऐकून, बॉनेट न उघडताच त्याने विचारलं, "काका, ऑइल फिल्टर कुणी बदलला?"

"मीच आणलेला. स्वस्तात मिळाला. दिसायला अगदी तस्साच."

त्याने तो काढून करवतीने कापला आणि शेजारी एक चांगला फिल्टर कापून ठेवला. माझ्या फिल्टरमध्ये कागदाच्या मोजक्या घड्या होत्या आणि तेल अडवणारी रबराची चकतीच नव्हती.

"गाडी उभी राहिली की तेल खाली उतरतं. सकाळी इंजिन कोरडं फिरतं, म्हणून ओरडतं. वेळेवर आलात, इंजिन वाचलं."

चांगला फिल्टर बसवला. दुसऱ्या सकाळी खडखड बंद.

"तुला आतलं कसं कळतं रे?"

"नवीन कंपनीचा माल आला की एक कापूनच बघतो. वरच्या रंगावर काय जायचं, काका?"

पस्तीस वर्षं मी नुसतं कव्हर बघून फायली पुढे सरकवल्या. हा माणूस आमच्या ऑफिसात असता, तर आठवड्यात त्याची बदली झाली असती.