नानांनी हात वर केला नाही

नाना कसे आहेत विचारतोस ना? सांगून सांगून थकलो रे, पण तू ऐक. म्हातारा छातीत दुखतं म्हणाला, म्हणून परळला इको करायला नेला. नुसतं झोपवून हृदय बघितलं, तर सगळं ठीक. मग म्हणे चालत्या पट्ट्यावर दमवून लगेच परत बघू, म्हणजे रक्त कुठे अडतंय ते कळेल. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी परत परत बजावलं, "काका, छातीत कळ आली की हात वर करा. लगेच पट्टा बंद करते."

गिरणीत उभ्याने जन्म काढलेला माणूस, लागला चालायला. पट्टा वेगात आला, नाना घामाने डबडबले, ओठ पांढरे पडले, पण दोन्ही हात दांडीवर घट्ट. मी विचारलं, "नाना, दुखतंय काय?" नाना आपले चालतच. शेवटी बाईंनीच घाबरून पट्टा थांबवला आणि त्यांना डाव्या कुशीवर झोपवून परत इको केला. पडद्यावर हृदयाचा एक कोपरा जेमतेम हलत होता.

"इथे रक्त कमी पडतंय," बाई म्हणाल्या. "काका, एवढं दुखत होतं, तर हात का नाही वर केलात?"

नाना भिंतीकडे बघत म्हणाले, "केलेला ना एकदा. संपाच्या वेळी, गेटवरच्या सभेत. सगळ्यांनीच केलेला. गिरणी बंद झाली. परत चालू झाली काय?"