पायडल काही थांबत नाही!

अहो थांबा, थांबा, कुठे निघालात? आधी ऐका तरी आत्ता मेहरूणच्या रस्त्याला काय झालं ते! हा गुडघा बघा, हा कोपर बघा... नाही नाही, मारामारी नाही, सायकल! तुम्हाला सांगतो, जगातली कुठलीही सायकल घ्या, पाय थांबवला की पायडल थांबतं. थांबतं ना? माझ्या सायकलचं पायडल काही थांबत नाही!

शर्यतीची आहे ती. मागचं चाक फिक्स. म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरतंय तोवर तुमचे पाय फिरणार, मग तुमची इच्छा असो नाहीतर नसो! भुसावळला रेल्वेत एक गार्डसाहेब होता, स्वराज्य आलं तसा विलायतेला निघाला आणि जाताना ही मला मातीमोल देऊन गेला. देताना हसत होता. मला वाटलं स्वभाव असेल...

घेतली तेव्हा नुसता गंज होता हो, त्या गंजाला मधेमधे थोडी सायकल लागलेली! आठ दिवस चिंच लावून हँडल घासलं, आई म्हणते, "देवाची भांडी घासायला कधी असा बसला होतास का रे?" मग नेली शालिग्राम मिस्त्रीकडे. आमचा मिस्त्री म्हणजे काय, सायकल सोडा, माणूस दिसला तरी नट कुठे ढिला आहे ते बघतो. म्हणे, "लीलाधरभाऊ, व्यायामशाळेची शर्यत मारायची ना? मग वजन काढा!" काढलं. कॅरिअर काढलं, मडगार्ड काढलं, स्टँड काढलं, घंटी काढली. मग त्यानं पान्हा उचलला आणि ब्रेकला लावला. मी म्हटलं, "अहो मिस्त्री, ब्रेक?" तर माझ्याकडे असं बघितलं... "शर्यतीच्या सायकलला ब्रेक? पहिलवानाला काय बांगड्या भरता?" वर नवे छर्रे, नवं ग्रीस, म्हणे आता नुसती फुंकर मारा, चाक दिवेलागणीपर्यंत फिरेल! "आणि थांबवायची कशी?" "पायानं! उलटा जोर द्यायचा. सोपं आहे." सोपं आहे म्हणे! स्वतः दुकानात पायी येतो तो!

बरं, आज काय होतं? आज मला बघायला यावलचे तोतारामआबा आले होते. केळीचे मोठे बागाईतदार, आणि त्यांची नात सुनंदा. उतरलेले मेहरूणला, कुंदाबाईंकडे, म्हणजे सुनंदाच्या मावशीकडे. चार वाजता बोलावलेलं. आई म्हणाली पायी जा. आता चिंच लावून चमकवलेली सायकल दारात असताना कोण पायी जाईल? पांढरा लेंगा घातला, थोरल्या भावाच्या चपला चढवल्या, दोन बोटं मोठ्या होत्या, पण नव्या होत्या... आणि निघालो.

उताराच्या अलीकडे आमचा दोस्त गिरधर भेटला, कुंदाबाईंकडूनच धापा टाकत पळत येत होता. "लिल्या, आबा अंगणात उभे आहेत! मुलगा वडीलधाऱ्याला बघून सायकलवरून उतरतो का, एवढंच ते बघतात. भडगावचा पोरगा नुसती मान हलवून पुढे गेला, तर चहा पण न पाजता घालवला त्याला! म्हणाले, जो आमच्यासमोर खाली उतरत नाही तो आमच्या पोरीला काय मान देणार?"

हे गिरधर मला सांगतोय कुठे? उतारावर, माझ्या बाजूनं पळत! मी म्हटलं, ठीक आहे, लांबूनच उतरू. आणि दिला पाय मागे... पायडल काही थांबत नाही! परत दिला, चप्पल सटकली, गेली उडून बाभळीत. दुसऱ्या पायानं जोर दिला, ती पण गेली! आता अनवाणी, पाय वर उचललेले, खाली पायडल गरागरा फिरतायत, जवळ नेला पाय तर नडगी फोडतायत आणि समोर अंगणाच्या बरोब्बर मधोमध... आबा! पांढरा फेटा, हातात काठी, डोळे माझ्यावर. मी एक हात वर केला, आबा बाजूला व्हा म्हणून. होतात कुठले? केळीच्या खांबासारखे ताठ उभे!

समोर आबा, मागे घराची भिंत. वळवली सायकल. आबांच्या भोवती! एक फेरा गेला, ओट्यावरची बायामाणसं उठून उभी. दुसरा फेरा, कुंदाबाईंनी तोंडाला पदर लावला. माझ्या मनात एकच, गेली सुनंदा, गेलं लग्न, भडगाववाल्याचा नुसता चहा गेला, मला काठीच बसणार! तिसऱ्या फेऱ्याला चाक जरा दमलं, सायकल कलंडली आणि मी पडलो तो कसा? पालथा! थेट आबांच्या पायांवर!

मी डोळे मिटून काठीची वाट बघतोय... आणि वरून आवाज आला, घोगरा, भरून आलेला. "कुंदे... माह्या पाया पडनारे लय पाह्यले मी. पन लांबूनच चपला काढून, हात उचलून नमस्कार करून, तीन परदक्षिना घालून लोटांगन घालनारा पोरगा नाही पाह्यला! ऊठ बापू, ऊठ!"

मी उठलो. लेंगा झटकला.

चहा झाला, पोहे झाले, आबांनी स्वतः माझ्या गुडघ्याला हळद लावली, म्हणाले बाकीची माघात लागंल! अहो, जीव कसा भांड्यात पडला म्हणून सांगू! आणि सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली, खाली बघतच हळू म्हणाली, "ब्रेक नाही ना तिला?" मी घाबरलो. तर म्हणते, "मी नाही सांगणार. पण उताराच्या आधी उतरत जा जरा." मला तर तिथेच पसंत पडली!

झालं, जमलं लग्न! येताना पहिलं काम काय केलं, तर शालिग्रामकडून ब्रेक परत आणला. हा बघा, खिशात आहे. आता बसवणार एवढ्यात गिरधर आला आबांचा निरोप घेऊन... साखरपुडा यावलला, आणि यावलला आबांना आठ भाऊ, सगळे त्यांच्याहून थोरले, आणि आबा म्हणतात, "त्याह्यलेबी परदक्षिना पायजे, सायकलवरून!"

आता ब्रेक बसवावा, तर सायकल नीट थांबते आणि आबांना सगळं कळतं. न बसवावा, तर आठ म्हातारे, त्रिक चोवीस फेरे आणि आठ लोटांगणं! सांगा ना, तुम्ही असतात तर काय केलं असतंत? आबांना खरं काय ते सांगितलं असतंत... की माझ्यासारखेच ब्रेक खिशात ठेवून, बाभळीत अडकलेल्या भावाच्या त्या दोन बोटं मोठ्या चपला साखरपुड्यासाठी शोधायला निघाला असतात?