साडेचार की साडेपाच

—नाही, साडेपाच नको. साडेपाचचा विचार डोक्यातून काढूनच टाक, मयुरेश. ये, बस. इकडे सोफ्यावर बस. आल्झो, तर मग. तू परवा मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलंस ना, बाल्कनीत कबुतरांनी उच्छाद मांडलाय, एअर रायफल घ्यायची तर कॅलिबर कुठलं आणि छर्रे कुठले, कुणाला अनुभव आहे का — आणि अठ्ठ्याऐंशी माणसं गप्प. एकानं फक्त हात जोडलेले पाठवले. तेव्हा मी म्हटलं, पंढरीनाथ, या विषयावर जर्मनीतल्या या अख्ख्या वेस्टफालनमध्ये मराठीत बोलू शकेल असा माणूस एकच आहे आणि तो तू आहेस. म्हणून तुला म्हटलं रविवारी ये. फक्त तीन वाजता मला निघायचंय. बँड येणार आहे मला न्यायला. सांगतो, तेही सांगतो, आधी कॅलिबर. आणि असा साखळीकडे बघत बसू नकोस. चांदीची आहे. कालपासून माझी आहे.

हे बघ. इथे परवान्याशिवाय मिळते ती रायफल साडेसात ज्यूलच्या आतली. वर पंचकोनात एफ कोरलेला असतो, तो बघून घ्यायचा. म्हणजे ताकद ठरलेली. मग छर्रा जड घेतलास की वेग गेला. साडेचार मिलिमीटरचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा — सुटला की सरळ जातो, शाळकरी मुलीसारखा, इकडे तिकडे बघत नाही. साडेपाचचा जवळजवळ दुप्पट जड, तो निवांत. वाटेत खाली यायला लागतो. अंतर मोजताना पाच मीटर चुकलास की पक्ष्याच्या पायाखालून गेलाच. पण लागला तर ठोसा मोठा. म्हणजे साडेचारनं लागतं, साडेपाचनं भागतं — आणि दोन्ही एकाच नळीत मिळत नाही. चार महिने मी यावर घालवलेत. चौतीस वर्षं लिपश्टाटला हेडलाइटच्या कारखान्यात होतो मी, झोत रस्त्यावर कुठे पडतो ते मिलिमीटरमध्ये मोजायचो — छर्रा म्हणजे काय वेगळं? जरा जड झोत.

मग छर्रे. इथे दियाबोलो म्हणतात. चपट्या डोक्याचा कागदावर छान गोल भोक पाडतो, बाकी उपयोग नाही. टोकदार दिसायला भयंकर, पण त्याला जायचं कुठे ते त्यालाच माहीत नसतं. पोकळ टोकाचा या ताकदीला फुलतच नाही. गोल डोक्याचा घे. पण कुठल्या डब्यातला? ते तुझी नळी ठरवणार. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. मी सात डबे आणले होते. एकेक छर्रा तोलला, हिच्या दागिन्यांच्या काट्यावर — ही म्हणजे नीलांबरी, माझी बायको, आत आहे, गेस्टरूममध्ये — तोलला आणि धुतला. शिशाची भुकटी असते ना वर. धुवायला बारीक जाळी लागते, म्हणून चहाचं गाळणं घेतलं. हो, तेच गाळणं. नवीन आणलं मग. लगेच? लगेच नाही. हिच्या लक्षात आल्यावर.

तुझी कबुतरं बाल्कनीत आहेत, माझी छपरावर होती. सोलर पॅनेल बसवली आणि तीन आठवड्यांत पॅनेलखाली अख्खी वसाहत. पहाटे पाचला डोक्यावर घुटर्घूं सुरू. पावसाच्या पन्हळीत काड्या, पॅनेलवर शिटा, वीज निम्मी. बाजारातून प्लॅस्टिकचं घुबड आणलं, डोकं फिरणारं. दोन दिवस घाबरली. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर एक कबुतर घुबडाच्या डोक्यावर बसलेलं, आणि डोकं फिरेल तसं तेही फिरतंय. पाळण्यात बसल्यासारखं. माझ्याकडे बघत. त्या दिवशी मी रायफलीचं ठरवलं.

दुकानात गेलो, फाईल घेऊन गेलो होतो. दुकानदारानं फाईल बघितली, मान डोलावली, रायफल काढून हातात दिली, आणि विचारलं, कशावर मारणार? मी म्हटलं कबुतरांवर. त्यानं रायफल माझ्या हातातून काढून घेतली आणि परत कपाटात ठेवली. मग मी म्हटलं, कागदावर. त्यानं परत काढली. — काय झालं? अरे, गुन्हा आहे तो! पक्ष्यावर एअर रायफल चालवणं गुन्हा आहे इथे. तुला माहीत नव्हतं? मलाही नव्हतं. चार महिने मी वाऱ्याचा विचार केला, तापमानाचा केला, छपराच्या उताराचा केला. चालतं का, हा नाही केला. आणि एकदा रायफल घरात आल्यावर — काय करणार, मागच्या अंगणात डबे मारत बसलो. दही येतं ना, ते डबे. डब्यांना काही वाटत नाही.

एप्रिलमधली गोष्ट. सकाळची वेळ, वारा नाही, तेवीस मीटर, साडेचार, गोल डोकं. घुबडावरच राग होता माझा. खोटं कशाला बोलू, ते घुबड डोळ्यांसमोर नको झालं होतं. म्हटलं उडवून टाकू एकदाचं. श्वास धरला, मानेच्या जरा खाली नेम धरला आणि चाप ओढला —

काय म्हणालास? हं. घुबडाला मान नसते. नाही. प्लॅस्टिकच्या नसते.

पाणी घे ना. घे.

कबुतर पडलं खाली, पन्हळीत आधी आणि मग अंगणात, हिच्या कुंड्यांमध्ये. मेलं नव्हतं. एक पंख असा उघडा टाकलेला. आणि ही स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी. सगळं बघितलेलं. बाहेर आली, पदरात त्याला उचललं आणि मला म्हणाली, गाडी काढा. ते तिचं मला उद्देशून शेवटचं वाक्य. गाडी काढा. चौदा एप्रिल.

डॉक्टरांकडे नेलं, जनावरांच्या, फ्राऊ ब्योकमान म्हणून आहेत. ही म्हणाली, मांजरानं पकडलं. मला वाचवायला हं! बोलत नव्हती पण वाचवत होती. फ्राऊ ब्योकमाननं दिव्याखाली पंख धरला, चिमट्यानं आतून काहीतरी काढलं, पेल्यात टाकलं — टिंग — आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, तुमची मांजर साडेचार मिलिमीटरची दिसते. माझ्या तोंडून निघालं, गेनाऊ, अगदी बरोबर, गोल डोक्याची. सवय रे, अचूक उत्तर द्यायची. ती हसली नाही. म्हणाली, आता दोनच रस्ते आहेत. एक, मी ऑर्डनुंग्सआम्टला, म्हणजे सरकारी खात्याला, कळवते. दोन, ती रायफल आमच्या शूट्झेनफेराइनच्या कपाटात ठेवायची, आणि तुम्ही दर गुरुवारी तिथे येऊन कागदावर मारायचं, माझ्यासमोर. डॉक्टरीणबाई नेमबाजी मंडळाच्या सेक्रेटरी निघाल्या! असा मी मेंबर झालो. शिक्षा म्हणून.

आणि कबुतर घरी आलं. गेस्टरूममध्ये, बुटांच्या खोक्यात. हिनं नाव ठेवलं बकुळा. आणि हीही तिथेच राहायला गेली. रात्री औषध द्यायचं म्हणून. मी म्हटलं दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचतोय, आतून आवाज आला, 'बकुळे, सांग त्यांना, चहा गार होतोय.' मला वाटलं गंमत. 'बकुळे, त्यांना विचार, गोळी घेतली का बीपीची.' तेव्हापासून हे असंच. लाइटबिल असो, मुलीचा, शमिकाचा, हॅम्बुर्गहून फोन असो, सगळं बकुळेमार्फत. दार अर्धं उघडं, ही आतून बकुळेशी बोलणार, मी बाहेरून ऐकणार. आणि खरं सांगू? दोन आठवड्यांनी मीही तसाच बोलायला लागलो. दारात उभा राहून म्हणायचो, बकुळे, सांग तिला, मी चुकलो. बकुळा खोक्यातून माझ्याकडे बघायची. तिनं कधी पुढे सांगितलं असं दिसलं नाही. शमिका फोनवर म्हणाली, पापा, तुम्ही दोघं एकमेकांशी बोला ना, जर्मनमध्ये म्हणाली, मग मी म्हटलं, बोलतोच की आम्ही. पूर्वीपेक्षा जास्त बोलतो. ते खरंच आहे रे. चाळीस वर्षांत मी चहा गार होतोय एवढं वाक्य कधी कान देऊन ऐकलं नव्हतं.

फ्राऊ ब्योकमान जूनमध्येच म्हणाली, पंख बरा झालाय, सोडून द्या. मी हिला सांगितलं नाही. तिनं मला सांगितलं नाही की तिला आधीच माहीत होतं. का म्हणजे? बकुळा गेली तर ही बोलणार कोणाशी? म्हणजे माझ्याशी बोलणार कशी?

हां, साखळी. काल शूट्झेनफेस्ट होता, नेमबाजांची जत्रा. उंच खांबावर लाकडी पक्षी लावतात, गरुड, एवढा मोठा, आणि तो तुकड्यातुकड्यानं पाडायचा. आधी मुकुट, मग पंख, मग धड. शेवटचा तुकडा जो पाडेल तो वर्षभराचा राजा. बंदूक त्यांचीच, स्टँडवर बसवलेली, कॅलिबरचा प्रश्नच नाही, माझी फाईल बिनकामाची. मी रांगेत उभा. पंख गेले, शेपूट गेलं, आणि धडाचा एवढासा तुकडा एका खिळ्यावर लटकत राहिला. मग जो येतोय तो चुकतोय! तीस-तीस वर्षांचे मेंबर, तेवढा तुकडा लागेना. हवेत मारताहेत. मी मनात म्हटलं, काय ही नेमबाजी. माझी पाळी आली, खिळा दिसला, श्वास धरला, मारलं, पडला. आणि अख्खा मंडप उभा राहून ओरडायला लागला, लोक रडत होते, एकानं मला खांद्यावर घेतलं. नंतर कळलं, कुणालाच राजा व्हायचं नव्हतं. मुद्दाम चुकवत होते सगळे. वर्षभर प्रत्येक समारंभाला हजर राहायचं, भाषणं, मिरवणुका — कोण करणार? आणि मी अचूक माणूस.

मग अध्यक्ष माइक घेऊन आले, म्हणाले, राजेसाहेब, राणी कोण? राणीचं नाव सगळ्यांसमोर सांगावं लागतं. मी म्हटलं, नीलांबरी. तर म्हणाले, आत्ताच फोन लावा, तिची संमती ऐकवा मंडपाला. लावला. स्पीकरवर. आठशे माणसं शांत. मी म्हटलं, नीलांबरी, मी राजा झालोय, राणी होशील का? पलीकडून आवाज आला, 'बकुळे, त्यांना सांग, ज्यांनी पक्षी पाडला त्यांच्या मिरवणुकीत मी येणार नाही.' आठशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. मराठी कुणाला येतंय? अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, किती सुंदर भाषा. आज सकाळी पेपरात छापून आलंय, राणी नीलांबरी पहिली.

आणि आज सकाळी काय झालं माहितेय? सातला हिनं गेस्टरूमची खिडकी उघडली. रोज उघडते जरा. आज पूर्ण उघडली. बकुळा चौकटीवर बसली, मान इकडे, मान तिकडे — आणि गेली. पॅनेलवर बसली नाही, घुबडावर बसली नाही, चर्चच्या बाजूला गेली सरळ. मी दारात होतो. ही खिडकीत. आम्ही दोघांनी बघितलं. ही वळली, माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं — आणि मिटलं. दार लावून घेतलं. सात वाजल्यापासून या घरात एक शब्द नाही, मयुरेश. तू बेल वाजवलीस तो पहिला आवाज. म्हणून मी एवढं बोलतोय, नाहीतर मी काही असा —

ऐकलंस? ढोल. वळणावर आले. आत्ता दाराशी उभे राहतील, राजाराणीला बोलावतील, आणि मी एकटा बाहेर जाणार, चांदीची साखळी घालून. तू येतोस का रे बरोबर? नाही, तसं नाही, राणी म्हणून नाही, नुसता शेजारी चाल. चर्चपर्यंत. मला एकट्याला त्या लोकांपुढे —

थांब. दार वाजलं का? आतलं.

नीलांबरी.

हिरवी नेसलीस.

... काय? किती — कोण? बँडवाले? बेचाळीस. बेचाळीस आहेत गं, आणि झेंडेवाले सहा. ... आता? सगळ्यांना? ... नाही, नाही म्हणत नाही मी, पुरतील, पोहे पुरतील, दोन पाकिटं खाली तळघरात आहेत, मी आणतो. कांदे मी चिरतो. ... मला म्हणालीस ना? मलाच ना? ...

मयुरेश, तू ऊठ. ऊठ बाबा, जा आता. नाही, मागच्या दारानं जा, पुढे ढोल आहेत. — काय विचारायचं राहिलं? काही राहिलं नाही. जा म्हणतो ना. आणि दार ओढून घे.