बिननाकाची गाडी

चेलेस्तीनो : ...आणि या गाडीचं नाक कुठाय म्हणतो मी? ते कारखान्यातच विसरून आलास का, जावईबापू?

ओत्ताव्यो : मामा, दोन महिने झाले. रोज सकाळी तोच विनोद.

चेलेस्तीनो : विनोद कारखान्याने केलाय. मी नुसता हसतोय. बत्तीस वर्षं पोर्ता नुओवा स्टेशनाबाहेर टॅक्सी लावतोय मी. घोडागाड्या पाहिल्या. लढाईत कोळशाच्या धुरावर धापा टाकणाऱ्या टॅक्स्या पाहिल्या. पण पुढून बघावं तरी पाठच दिसते, अशी गाडी बघायला छप्पन साल उजाडावं लागलं.

ओत्ताव्यो : एन्जिन मागे आहे, म्हणून पुढे नाक लागतच नाही. आपली ती छोटी सहाशे नावाची मोटार आहे ना, तिच्याहून जेमतेम फूटभर लांब. तेवढ्यात तीन रांगा बसतात. मधल्या खुर्च्या दुमडल्या की सपाट जमीन.

चेलेस्तीनो : सपाट जमीन! ऐका हो, ऐका. टॅक्सीत जमीन. बटाटे लाव तिच्यात. आणि तू बसतोस कुठे? पुढच्या चाकांच्या डोक्यावर. उद्या ट्रामने ठोकर दिली तर आधी काय फुटेल? बंपर नाही, तुझे गुडघे.

ओत्ताव्यो : म्हणून ट्रामपासून लांब राहतो.

चेलेस्तीनो : माझ्यापासूनही राहा. इथले सगळे टॅक्सीवाले विचारतात मला, 'चेलेस्तीनो, तुझा जावई त्या डब्यातून पाव वाटतो का रे?' माझी काळी गाडी मी तुला देणार होतो. डोळे थकले की किल्ली तुझ्या हातात. ते बॉनेट बघ. ऑपेरातल्या बायका उतरायच्या माझ्या गाडीतून, रस्त्यावरची माणसं टोप्या काढायची. देल्फीनाला मी त्या गाडीतून चर्चला नेलं, तुझ्या गळ्यात बांधायला. आणि तू काय आणलंस? मुल्तिप्ला! नाव बघा. गुणाकार म्हणे. शून्याला कशानेही गुणा.

ओत्ताव्यो : तुमची गाडी पेट्रोल किती पिते ते देल्फीनानेच सांगितलंय मला.

चेलेस्तीनो : राजाचा घोडा चारा मोजून खात नाही. दहा वर्षांनी सांग मला, असला एक तरी डबा रस्त्यावर दिसतो का. कुठला शहाणा माणूस बायकापोरांना घेऊन अशात बसेल?

ओत्ताव्यो : दक्षिणेची आगगाडी लागली वाटतं. माणसं बाहेर येतायत.

चेलेस्तीनो : आले हे दक्षिणेतले नापुली. सगळं खेडं उचलून आणतात मेले. दोरीने बांधलेल्या पेट्या, तेलाच्या बुधल्या, गाद्या... पहिला नंबर माझा आहे, पण मी झोपलोय. टोपी डोळ्यांवर घेतली बघ.

फिलोमेना : दादा, चेलेस्तीनोदादा हितंच असत्यात का? काळ्या गाडीवाले?

ओत्ताव्यो : हे काय. झोपलेत ते.

चेलेस्तीनो : कोण विचारतंय?

फिलोमेना : म्या फिलोमेना. दोनातोची बायको. तुमच्या माळ्यावर ऱ्हात्यात न्हवं का ते? ह्यो म्हातारा माझा सासरा. ही तिघं आमची लेकरं. धनी सकाळपाळीला हाईत, दोनपातुर सुटायचे न्हाईत. म्हनले, ठेसनाबाहीर मालकाला इचार.

चेलेस्तीनो : दोनातोची बायको? मला म्हणाला, मी एकटा आहे.

फिलोमेना : एकटंच व्हते की, आजपातुर.

चेलेस्तीनो : बाई, खोली एका माणसाला दिली मी. एक खाट, एक खुर्ची. कोंबड्यांचं खुराडं नाही ते. तीन वाजता हीच आगगाडी परत जाते खाली तुमच्याकडे. बसा तिच्यात.

फिलोमेना : परत कुठं? घर इकलं. बकऱ्या इकल्या. चुलीवर हंडा टांगायची साखळी बी इकली.

चेलेस्तीनो : मला विचारून विकलंत का?

फिलोमेना : धन्यांनी पत्रात लिवलं व्हतं. मालक बोलत्यात लई, म्हनले, पर बोलून झालं की गप ऱ्हात्यात.

चेलेस्तीनो : असं लिहिलं त्याने? आता गप नाही राहणार. पाच डोकी, एक गादी, आणि त्या फडक्यातलं चीज तर स्टेशनाच्या घड्याळापर्यंत घमघमतंय. चौघांच्या वर माणूस घ्यायचं नाही, नियम आहे. माझ्या गाडीत जागा नाही. माळ्यावरही नाही.

ओत्ताव्यो : मामा, आजोबांना उभं राहवत नाहीये.

चेलेस्तीनो : मग तू घे ना! तुझ्याकडे जमीन आहे म्हणालास.

ओत्ताव्यो : या ताई. पेटी माझ्या शेजारी ठेवा, ती जागा सामानाचीच आहे. बुधली पण तिथेच. पोरांनो, मधल्या दोन खुर्च्या तुमच्या, उघडून बसा. ताई, तुम्ही आणि आजोबा मागे, धाकटीला मांडीवर घ्या. गादी टपावर बांधतो.

चेलेस्तीनो : घे, घे, भर. एखादी बकरी राहिली असेल तर तीही घे.

फिलोमेना : बकऱ्या इकल्या म्हनलं न्हवं? दादा, ही गाडी कुन्या तोंडानं चालती?

ओत्ताव्यो : याच तोंडाने, ताई. बसा तुम्ही. मामा, जातो.

चेलेस्तीनो : जा. वाटेल तिथे ने. माझ्या घरी नाही, सांगून ठेवतो.

(दीड तासानंतर, त्याच जागी.)

चेलेस्तीनो : आलास? पाव वाटून झाले?

ओत्ताव्यो : झाले.

चेलेस्तीनो : तेलाचा वास महिनाभर जाणार नाही आता त्या डब्यातून. बरंच झालं, चेहरा तसा वास. कुठे सोडलंस त्यांना?

ओत्ताव्यो : तीन ठिकाणी विचारलं. दोन दारांवर पाटी होती, दक्षिणेकडच्यांना खोली मिळणार नाही. तिसऱ्या दारावर पाटी नव्हती. पण बाई बाहेर आली, काचेतून एकेक डोकं मोजलं आणि दार लावून घेतलं.

चेलेस्तीनो : शहाणी बाई.

ओत्ताव्यो : आजोबा म्हणाले, लेकरा, आम्हाला ठेसनावर सोड. दोनातो सुटला की येईल तिकडे.

चेलेस्तीनो : मग सोडायचं!

ओत्ताव्यो : नाही सोडलं. तुमच्या घरी गेलो.

चेलेस्तीनो : बजावलं होतं मी तुला! बहिरा आहेस का?

ओत्ताव्यो : ऐकलं होतं, मामा.

चेलेस्तीनो : एर्नेस्ताने दारातून हाकललं असेल. माझी बायको आहे ती.

ओत्ताव्यो : सासूबाईंनी आजोबांना खुर्ची दिली. बूट काढले त्यांचे. मोजे निघेनात, कातडीला चिकटलेले. पाणी कोमट करून त्यात पाय सोडायला लावले.

चेलेस्तीनो : आणि ती पोरं?

ओत्ताव्यो : कालचा मक्याच्या पिठाचा पोलेंता तळून दिला त्यांना. तव्याशीच उभी राहून खात होती. मग सासूबाई माळ्यावर गेल्या. दोनातोच्या खोलीला लागून ती दुसरी आहे ना...

चेलेस्तीनो : तिच्यात माझे टायर आहेत.

ओत्ताव्यो : अंगणात काढले.

चेलेस्तीनो : कोणी?

ओत्ताव्यो : मी. सासूबाई म्हणाल्या, टायरांना थंडी वाजत नाही.

चेलेस्तीनो : असं म्हणाली?

ओत्ताव्यो : हो.

चेलेस्तीनो : अजून काय म्हणाली?

ओत्ताव्यो : काही नाही.

चेलेस्तीनो : छत्तीस वर्षं संसार केलाय मी तिच्याशी. काही नाही, असं होत नाही. बोल.

ओत्ताव्यो : विचारलं मला. ते पहाटे चारला उठून पहिला नंबर लावतात, मग यांना त्यांनीच का नाही आणलं?

चेलेस्तीनो : तू काय सांगितलंस?

ओत्ताव्यो : दुसरं काय सांगणार? म्हटलं, मामांच्या गाडीत जागा नव्हती.

चेलेस्तीनो : हं.

ओत्ताव्यो : त्यावर त्या बटाटे सोलायला बसल्या.

चेलेस्तीनो : किती?

ओत्ताव्यो : काय किती?

चेलेस्तीनो : काही नाही. ओत्ताव्यो...

ओत्ताव्यो : काय, मामा?

चेलेस्तीनो : जागा होती.